हजार सूर्यांच्या वजनाचा तारा का सापडत नाही?

बारावीतल्या एका मुलीने परवा मला लांबलचक प्रश्न पाठवला. थोडक्यात तो असा: “सर, यूट्यूबवर सगळ्यात मोठा तारा म्हणून स्टीफनसन २-१८ दाखवतात आणि पुस्तकात आर१३६ए१ लिहिलंय. खरं कुठलं? तारा कितीही मोठा होऊ शकतो का? सूर्याच्या हजारपट वजनाचा तारा का नसतो? आणि असले तारे कोल्हापुरातून दिसतात का?” आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात यातला एखादा तरी प्रश्न हमखास येतोच. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

तू पाहिलास त्या व्हिडिओत आकारमानाची गोष्ट आहे, पुस्तकात वस्तुमानाची. या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. मृगातला तांबडा काक्षी घे. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेच्याही पलीकडे जाईल एवढा तो फुगलेला आहे, पण वजन म्हणशील तर फार फार तर पंधरा-वीस सूर्यांचं. म्हातारपणी बाहेरचे थर सैल होऊन पसरलेत, इतकंच. त्या थरांची घनता आपल्या हवेच्या पासंगालाही पुरत नाही. स्टीफनसन २-१८ किंवा यूवाय स्कूटी हे त्याच पंक्तीतले, आणखी पसरलेले. त्यांच्या त्रिज्येचे आकडे अंतरावर अवलंबून असतात. अंतराचा अंदाज जरा सरकला की त्रिज्याही सरकते, म्हणून ‘सर्वात मोठा तारा’ हा किताब दर दोन-चार वर्षांनी हात बदलतो. त्या शर्यतीत मला फारसा रस नाही. ताऱ्याचं सगळं नशीब ठरतं ते जन्मतःच त्याला मिळालेल्या वस्तुमानावर. तो किती तेज फेकणार, किती जगणार, कसा मरणार आणि मागे काय ठेवणार, यातलं जवळजवळ सगळं त्या एका आकड्यात आलं. आर१३६ए१ची त्रिज्या सूर्याच्या जेमतेम तीस-चाळीस पट आहे. काक्षीपुढे तो अगदीच बुटका, पण वजनात काक्षीसारखे दहा पचवेल.

आता वजन करायचं कसं? खात्रीचा मार्ग एकच: जोडतारा शोधायचा. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, शिवाय आपल्या बाजूने पाहताना एकमेकांना ग्रहण लावत असतील, तर फिरण्याचा काळ आणि वेग यांवरून केप्लर आणि न्यूटन यांच्या नियमांनी वजन सरळ निघतं. नौतल तारकासमूहात डब्ल्यूआर२०ए नावाची अशी जोडी आहे. दोघेही ऐंशी-ऐंशी सूर्यांचे, आणि पावणेचार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. आपला बुध सूर्याभोवती एका फेरीला ८८ दिवस घेतो, हे शेजारी ठेवून बघ. पण असा जोडीदार प्रत्येकाला सोयीच्या कोनात मिळत नाही. मग उरतो तो अप्रत्यक्ष मार्ग: वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्टीवरून, तापमान काढायचं, अंतरावरून खरं तेज काढायचं, आणि ‘एवढं तेज द्यायला किती वजन लागेल’ हे ताऱ्याच्या गणिती प्रतिकृतीला विचारायचं. वर्णपटातल्या रेषांवरून तापमान वाचण्याची किल्ली मेघनाद साहांच्या १९२०च्या समीकरणाने दिली, हे आपल्याकडे परीक्षेपुरतं पाठ केलं जातं. रोजच्या कामात ते अजूनही लागतं.

अप्रत्यक्ष मार्गात फसायला किती जागा असते, हे आर१३६च्या कहाणीत दिसतं. मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर, टॅरेंटुला नावाचा प्रचंड तेजोमेघ आहे. त्याच्या ऐन मध्यावर एक झगझगीत ठिपका दिसायचा. १९८१मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला की हा एकच तारा असेल तर त्याचं वजन सूर्याच्या अडीच हजार पट भरतं. बरीच खळबळ उडाली. चारच वर्षांनी हवेच्या थरथरीवर मात करणारं छायाचित्रणाचं तंत्र वापरून त्या ठिपक्याचा गाभा फोडला, तर एका ताऱ्याच्या जागी दाटीवाटीने बसलेले आठ तारे निघाले. पुढे हबल दुर्बिणीने तो अख्खा तारकागुच्छच उलगडून दाखवला. त्यातल्या सर्वात तेजस्वी ताऱ्याला आर१३६ए१ म्हणतात. २०१०मध्ये पॉल क्राउदर आणि सहकाऱ्यांनी त्याचं वजन २६५ सूर्य आणि जन्माच्या वेळचं ३२० सूर्य असं काढलं. २०२२मध्ये चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीने आणखी बारीक प्रतिमा घेतली. शेजाऱ्यांचा प्रकाश नीट वेगळा केल्यावर ए१चं तेज थोडं उतरलं, आणि वजन १७० ते २३० सूर्यांच्या दरम्यान आलं. नजर जसजशी तीक्ष्ण होत गेली तसतसा राक्षस लहान होत गेला. तरीही दोनशे सूर्यांच्या घरातला हा तारा आज माहीत असलेल्या सर्वात जड ताऱ्यांमध्ये धरला जातो.

आता तुझा खरा प्रश्न. दोनशे आहे, मग दोन हजार का नाही?

तारा उभा असतो तो दोन ताकदींच्या ओढाताणीवर. स्वतःचं वजन त्याला आत दाबतं, आतला दाब बाहेर रेटतो. सूर्यासारख्या ताऱ्यात हा रेटा मुख्यतः तापलेल्या वायूचा असतो. पण प्रकाशही दाब देतो. प्रकाशकण इलेक्ट्रॉनवर आदळला की त्याला थोडा ढकलतो. सूर्यात हे ढकलणं नगण्य आहे. वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, प्रकाशाचा मात्र तापमानाच्या चौथ्या घाताने. तारा जड असेल तितका त्याचा गाभा जास्त तापलेला आणि विरळ, त्यामुळे वजन वाढत जाईल तसा वायू मागे पडतो आणि प्रकाश पुढे येतो. शंभर सूर्यांच्या पुढे तर ताऱ्याला आतून उचलून धरण्यात प्रकाशाचा वाटा मोठा होतो.

गुऱ्हाळावर गेली असशील तर काहील आठव. चुलवाणात चिपाड सारत राहतात, जाळ वाढतो, रस खदखदायला लागतो आणि एका क्षणी फेस काठापर्यंत चढतो. गुळव्या तेवढ्यात ओरडतो आणि जाळ कमी करतात, नाहीतर सगळा रस उतू जाईल. ताऱ्याला असा जाळ आवरणारा कोणी नाही. उलट वजन वाढवशील तसा जाळ आपोआप भडकतो, आणि वरचे थर उतू जाण्याच्या बेताला येतात.

ही कड कुठे आहे, हे आर्थर एडिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच दाखवलं. एका सूर्याच्या वजनाने साधारण तीस ते चाळीस हजार सूर्यांच्या तेजाचा रेटा थोपवता येतो, त्याहून जास्त नाही. (चंद्रशेखर यांच्या संशोधनाची १९३५मध्ये भर सभेत खिल्ली उडवणारे एडिंग्टन ते हेच. तिथे ते साफ चुकले, पण ही मर्यादा मात्र अजून पक्की आहे.) आता हिशेब कर. दहा सूर्यांचा तारा सूर्याच्या काही हजार पट तेजस्वी असतो. त्याची मर्यादा तीन-चार लाख, म्हणजे तो आरामात आहे. शंभर सूर्यांचा तारा दहा लाख पटींच्या वर जातो, आणि मर्यादा तीस-चाळीस लाख. अंतर घटलं. आर१३६ए१ पन्नास ते सत्तर लाख सूर्यांएवढा प्रकाश टाकतो, आणि दोनशे सूर्यांच्या वजनाची मर्यादाही साठ ते ऐंशी लाखांतच येते. तो जवळजवळ काठावर बसलेला आहे. सूर्य वर्षभरात जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी हा पाच-सहा सेकंदांत टाकून मोकळा होतो.

यातली एक बारीक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. वर दिलेली मर्यादा फक्त मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर होणाऱ्या टकरींची आहे. ताऱ्याच्या बाहेरच्या थरात लोह आणि इतर जड मूलद्रव्यंही असतात. ती ठरावीक रंगांचा प्रकाश हजारो वर्णरेषांमधून शोषतात, आणि प्रत्येक शोषणाबरोबर बाहेरच्या दिशेने एक धक्का खातात. त्यामुळे गाभा मर्यादेच्या आत असला तरी वरचे थर आधीच सुटायला लागतात. म्हणजे वजनाची भिंत एका ठिकाणी उभी नसते. त्या दिशेने जाणारा तारा वाटेतच झडायला लागतो.

हे झडणं केवढं असतं? सूर्याचा सौरवारा नावापुरता आहे. अशा ताऱ्यांचा वारा सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने वाहतो आणि वर्षाला सूर्याच्या एक लक्षांशापासून काही लक्षांशांपर्यंत वस्तुमान नेतो. आकडा लहान वाटेल, पण सूर्याचं एक लक्षांश म्हणजे तीन पृथ्व्या. दरवर्षी तीन ते पंधरा पृथ्व्या नुसत्या वाऱ्यावर उडवायच्या, आणि हे लाखो वर्षं चालू. काही ताऱ्यांचं हायड्रोजनचं पांघरूण पूर्ण उडून जातं आणि आतला भाजलेला, हेलियम-कार्बनचा भाग उघडा पडतो. यांना वुल्फ-रायेट तारे म्हणतात. चार्ल्स वुल्फ आणि जॉर्ज रायेट या पॅरिसच्या खगोलशास्त्रज्ञांनी १८६७मध्ये हंसातल्या काही ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषांऐवजी रुंद, चमकदार पट्टे पाहिले, त्यावरून हे नाव पडलं.

हे पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात. त्यासाठी वेधशाळेत नोकरी लागत नाही. गॅमा वेलोरम हा आकाशातला सर्वात तेजस्वी वुल्फ-रायेट तारा नुसत्या डोळ्यांना ठळक दिसतो, आणि मार्चच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडून दक्षिणेला सव्वीस अंश उंचीवर असतो. दुर्बिणीच्या नेत्रिकेला प्रकाश रंगांत फोडणारी विवर्तन जाळी लावायची. काचेवर मिलिमीटरला शंभर रेघा कोरलेली साधी चकती येते, तीच. आधी शेजारचा झीटा पपिस धर. रंगांची एकसंध, निळीकडे झुकलेली पट्टी दिसेल. मग गॅमा वेलोरमवर ये. त्याच्या पट्टीत निळ्या भागात एक आणि पिवळ्याजवळ एक अशा ठळक, उजळ गाठी दिसतात. त्या पाहिल्यावर पोरं जाळीच खराब आहे म्हणून ती फिरवून बघतात. पण गाठी पट्टीबरोबरच फिरतात, रंगातली जागा सोडत नाहीत. त्या आयनीभूत कार्बनच्या आहेत. ताऱ्याच्या पोटात हेलियम जळून तयार झालेला कार्बन वाऱ्याबरोबर बाहेर निघालाय, तो तू थेट पाहतेस. गंमत अशी की हा वुल्फ-रायेट आज जेमतेम नऊ सूर्यांचा उरलाय. त्याच्याभोवती फिरणारा साधा तारा त्याच्या तिप्पट जड आहे. जन्माच्या वेळी चित्र उलटं असणार.

पण या सगळ्यांत माझा लाडका तारा म्हणजे ईटा कॅरिनी. साडेसात हजार प्रकाशवर्षांवर, नौतल समूहातल्या मोठ्या तेजोमेघात. खरं तर ही जोडी आहे: एक शंभर सूर्यांच्या आसपासचा आणि दुसरा साधारण तीस सूर्यांचा. लांबट कक्षेत साडेपाच वर्षांनी ते एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तेव्हा दोघांचे वारे एकमेकांवर आदळून क्ष-किरण भडकतात. एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये दक्षिण आकाशाची पाहणी करत होते. १६ डिसेंबर १८३७च्या रात्री त्यांना दिसलं की हा ओळखीचा तारा एकाएकी कितीतरी पटींनी उजळलाय. पुढे १८४३मध्ये तर तो व्याधाखालोखाल आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तारा झाला. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरचा तारा आठ-नऊ प्रकाशवर्षांवरच्या व्याधाशी बरोबरी करतो, याचा अर्थ काय होतो ते जरा मनात घोळव. नंतरच्या दशकांत तो मावळत मावळत नुसत्या डोळ्यांना दिसेनासाच झाला.

त्या वीसेक वर्षांत त्याने दहा सूर्यांहून जास्त वस्तुमान बाहेर फेकलं. त्याचे दोन फुगे आज हबलच्या छायाचित्रात पाठीला पाठ लावलेले दिसतात. सेकंदाला सुमारे साडेसहाशे किलोमीटर वेगाने ते अजून पसरतायत. एरवी एवढी ऊर्जा बाहेर पडली की तारा संपतो. हा उरला. का आणि कसा, यावर अजून वाद आहेत. आतल्या प्रकाशाच्या रेट्याने थर उडाले असं एक मत, तर तिसरा एखादा तारा त्यात विलीन झाला असं दुसरं. मी विलीनीकरणाच्या बाजूला झुकतो, कारण जड तारे एकटे क्वचितच राहतात. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने दाखवलं की सर्वात तप्त, जड ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात केव्हातरी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव करतात, आणि त्यातले काही तर एकमेकांत मिसळूनच जातात. आर१३६ए१सारखे तारे जन्मतःच एवढे होते की दोघांचा एक झालाय, हा प्रश्नही त्यामुळे उभा राहतो.

असे तारे मुळात थोडेच. ताऱ्यांच्या जन्मनोंदी पाहिल्या तर वजन दहापट वाढलं की संख्या साधारण वीसपट घटते. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा आर्चेस नावाचा तरुण तारकागुच्छ तपासला तेव्हा १५० सूर्यांच्या पुढे कोणी सापडेना. म्हणून काही वर्षं १५० हीच सीमा मानली गेली. आर१३६ने ती मोडली, पण फार लांब नेली नाही.

आयुष्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते फार नसतंच. सूर्याला एक हजार कोटी वर्षं मिळतात, यांना वीस-तीस लाख. शंभर सूर्यांचा असो की दोनशेचा, आकडा तिथेच थांबतो. कारण मर्यादेजवळ तेज वजनाच्याच प्रमाणात वाढतं: इंधन दुप्पट, खर्चही दुप्पट. माणसाच्या जातीचे सर्वात जुने दगडी हत्यारांचे पुरावे वीस-तीस लाख वर्षांहून जुने आहेत. म्हणजे आज दिसणारे यांच्यातले बरेच तारे तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

मरण मात्र तपशिलात सांगायला हवं. साधारण आठ सूर्यांच्या वरच्या ताऱ्याच्या पोटी लोखंडाचा गाभा तयार होतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, मग गाभा कोसळतो आणि बाहेरचा तारा फुटतो. हे तुझ्या पुस्तकात आहे. १९८७मध्ये टॅरेंटुलाच्या शेजारीच असा एक तारा फुटला, सुमारे वीस सूर्यांचा, आणि तो दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांना दिसला. पण खूप जड ताऱ्यांत गोष्ट लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. हेलियमचा गाभा साठ-पासष्ट सूर्यांच्या वर गेला की आतलं तापमान इतकं चढतं की गॅमा किरणांचे कण आपोआप इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्यांत बदलायला लागतात. ताऱ्याला उभं धरणारा प्रकाशच असा पदार्थात खर्ची पडतो. दाब घसरतो, गाभा आत येतो, आणखी तापतो, आणि ऑक्सिजन एका दमात पेटतो. हा भडका एवढा जबर असतो की अख्खा तारा उडून जातो. न्यूट्रॉन तारा नाही, कृष्णविवर नाही, मागे काहीच नाही. गाभा १३० सूर्यांच्या वर असेल तर मात्र कोसळण्याचा जोर जिंकतो आणि सरळ कृष्णविवर होतं. २००७मध्ये दिसलेला एसएन २००७बीआय हा स्फोट या प्रकारचा असल्याचं सांगितलं गेलं. काहींना ते पटलेलं नाही.

या हिशेबाप्रमाणे साधारण पासष्ट ते एकशेवीस-तीस सूर्यांच्या दरम्यान ताऱ्यापासून थेट बनलेलं कृष्णविवर सापडायला नको. आणि नेमकं २१ मे २०१९ला गुरुत्वीय लहरींच्या वेधयंत्रांना दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकू आली, एक ८५ सूर्यांचं आणि एक ६६चं. मिळून १४२ सूर्यांचं झालं. २०२३च्या नोव्हेंबरमधल्या टकरीत तर सव्वादोनशेच्या आसपासचं बनलं. एक तोडगा असा की ही कृष्णविवरं स्वतःच आधीच्या टकरींतून बनलेली असावीत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे असंच वेधयंत्र उभं राहतंय, त्याला २०२३मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ते सुरू झालं की आकाशात टक्कर नेमकी कुठे झाली हे आजच्यापेक्षा पुष्कळ नीट सांगता येईल. बारावीनंतर काय, असा प्रश्न तुझ्यापुढे असेलच. तर ही एक जागा डोक्यात ठेव.

हजार सूर्यांचा तारा कधीच नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. विश्वातले पहिले तारे फक्त हायड्रोजन आणि हेलियमचे होते. जड मूलद्रव्यं नसली की वायूचा ढग नीट थंड होत नाही, त्याचे लहान तुकडे पडत नाहीत, म्हणून तारे मोठे होण्याकडे कल असतो. शिवाय प्रकाशाचा धक्का खायला लोहच नसल्याने वाराही क्षीण, म्हणजे जन्माचं वजन मरेपर्यंत टिकतं. त्यातले काही शेकडो सूर्यांचे असावेत असं गणित सांगतं. त्याहीपुढची कल्पना फ्रेड हॉइल आणि विल्यम फाउलर यांनी १९६३मध्ये मांडली: दीर्घिकांच्या केंद्रांत दहा कोटी सूर्यांपर्यंत वजनाचे महातारे असतील का? आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर त्याच सुमारास केंब्रिजमध्ये याच हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. १९६४मध्ये चंद्रशेखर यांनी दाखवलं की प्रकाशाच्या आधारावर उभा असलेला एवढा तारा सापेक्षतावादाच्या नियमांनी अस्थिर ठरतो आणि कोसळतो. म्हणजे ते टिकणारे तारे नाहीत. पण तसे काही थोड्या काळापुरते बनून कोसळले असतील, तर सुरुवातीच्या विश्वात दिसणारी अवाढव्य कृष्णविवरं कुठून आली याचं उत्तर कदाचित त्यात असेल. जेम्स वेब दुर्बीण सध्या त्याच मागावर आहे.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. आर१३६ विसर. आपल्या १६.७ अंश अक्षांशावरून तो जास्तीत जास्त सव्वाचार अंश वर येतो, म्हणजे धुरकटात बुडालेलाच. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचा मधला तारा बघ. तो तीस-चाळीस सूर्यांचा आहे, आणि तेज सूर्याच्या काही लाख पट. बाणाखालचा तेजोमेघ लहान दुर्बिणीत धरलास तर मधोमध चार ताऱ्यांची चौकट दिसेल. त्यातला सर्वात ठळक तारा तीस सूर्यांहून जड आहे आणि तो अख्खा मेघ मुख्यतः त्याच्याच अतिनील प्रकाशावर उजळलाय. काक्षी उद्या फुटणार म्हणून दर वर्षी फिरणारे मेसेज मात्र पुढे ढकलू नकोस. २०१९-२० साली तो मंदावला होता तो स्वतःच सोडलेल्या धुळीमुळे.

ईटा कॅरिनीसाठी एप्रिलचा शेवटचा आठवडा गाठ. रात्री नऊ-सव्वानऊला तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साडेतेरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरलीस तर एक मूठ आणि वर दोन-तीन बोटं. डावीकडे त्रिशंकूची चौकट ओळखून तिथून उजवीकडे मूठभराहून थोडं जास्त सरकायचं. नुसत्या डोळ्यांना तो आता पुन्हा कसाबसा दिसतो, पण द्विनेत्रीत भोवतालचा मेघ लगेच सापडतो. आठ इंची दुर्बिणीत विवर्धन वाढवलं की शेजारचे तारे पांढरे टोकदार राहतात आणि हा तेवढा नारिंगी, किंचित लांबट डाग दिसतो. हर्शेल यांच्या काळात उडालेले फुगे ते हेच. शहरातून प्रयत्न करू नकोस, दक्षिण बाजूला गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीचा उजेड आहे. मसाई पठारावरून राधानगरीकडचं क्षितिज पुष्कळ काळोखं असतं, पण वळवाचे ढग यायच्या आत जायला हवं. आणि गॅमा वेलोरमसाठी मार्चमध्येच ये, विवर्तन जाळी मी आणतो.